मोल्डरच्या पगारातून रिजेक्शन कापणाऱ्या मालकांनो, आधी हे गणित सोडवा

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. काही जणांना राग येईल, येऊ दे. बावीस वर्षं कोल्हापुरातल्या फौंड्र्यांत क्वालिटीचं काम केलंय. शिरोलीत केलं, गोकुळ शिरगावात केलं, शेवटची काही वर्षं कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत. त्यामुळं कुणीतरी पुण्या-मुंबईचा येऊन अक्कल शिकवतोय असं समजू नका. आणि जे लिहितोय त्यात माझेही हात काळे आहेत, ते पुढं येईलच.

एका फौंड्रीची गोष्ट सांगतो. नाव घेणार नाही, घेऊन उपयोग नाही, अशा डझनभर आहेत. गेटच्या आत फळा आहे, त्यावर ‘महिन्याचा सर्वोत्तम मोल्डर’. एका फेब्रुवारीत तिथं आमच्या एका मामांचा फोटो लागला. महिन्याला एकेका मोल्डरचे साधारण हजार बॉक्स होतात. मामांचं रिजेक्शन आलं होतं ४७. हार, नारळ, पाकीट. मालकांनी भाषण ठोकलं, की इच्छा असली की सगळं होतं, बघा ह्यांच्याकडं.

एप्रिलमध्ये त्याच मामांचं रिजेक्शन ७३. त्या फौंड्रीचा नियम असा की सत्तरच्या वर गेलं की दोन दिवसांचा पगार कट. कट झाला. मामा माझ्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. भांडायला नव्हते आले. खरंच विचारायला आले होते.

“साहेब, हात त्योच हाय, वाळू बी तीच हाय, पॅटर्न बी त्योच. मग फेब्रुवारीत मी हुशार कसा आन् एप्रिलात कामचुकार कसा?”

मी त्यांना काय सांगितलं? “मामा, जरा लक्ष देऊन करा.” लाज वाटते आज. कारण ह्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं, बीएस्सीला संख्याशास्त्र होतं माझं. पण केबिनमध्ये बसल्यावर माणूस पुस्तक विसरतो आणि मालकाचा चेहरा लक्षात ठेवतो.

आता ते उत्तर लिहितो. वही-पेन घ्या, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर चालेल.

त्या शॉपमध्ये आठ मोल्डर. सगळ्यांचं मिळून वर्षाचं सरासरी रिजेक्शन शंभराला सहा. म्हणजे हजार बॉक्सला ६०. आता समजा आठही जण अगदी सारखे कुशल आहेत, सारखेच मन लावून काम करतात, कुणी कणभरही कमी-जास्त नाही. तरी दर महिन्याला प्रत्येकाचं रिजेक्शन बरोब्बर ६० येईल का? नाही येणार. नाणं शंभरदा उडवलं तर छापा बरोब्बर पन्नास वेळा पडतो का? तसंच हे. किती खालीवर होईल त्याचं साधं सूत्र आहे: १००० गुणिले ०.०६ गुणिले ०.९४, त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं साडेसात. ह्याला प्रमाण विचलन म्हणतात. सरासरीच्या दोन्ही बाजूंना त्याच्या तिप्पट जागा सोडायची, म्हणजे साडेबावीस. ६० मधून वजा करा, ६० मध्ये मिळवा. ३८ पासून ८२ पर्यंत काहीही आलं तरी त्यात मोल्डरचं कौतुकही नाही आणि गुन्हाही नाही. तो त्या शॉपचा, त्या वाळूचा, त्या भट्टीचा, त्या पॅटर्नचा स्वभाव आहे.

मामांचे ४७ आणि ७३ कुठं बसतात बघा. दोन्ही आत. म्हणजे फेब्रुवारीतला हार नशिबाला घातला आणि एप्रिलमधली कात्री नशिबाला लावली. फक्त नशिबाला पगार नसतो, मामांना असतो.

अजून पुढं जाऊ. त्या ‘सत्तरच्या वर’ नियमाचं काय होतं? सारख्याच कुशल मोल्डरचं रिजेक्शन एखाद्या महिन्यात निव्वळ योगायोगानं सत्तरच्या वर जाण्याची शक्यता शंभरात सुमारे आठ. ऐकायला बारीक वाटतं. पण मोल्डर आठ आहेत. आठांपैकी निदान एकाला तरी त्या महिन्यात दंड बसण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. म्हणजे महिना-दोन महिन्यांनी कुणाचा ना कुणाचा पगार कापला जाणारच, कुणीही काहीही चूक केलेली नसताना. आणि एकाच मोल्डरचं वर्ष धरलं तर बारा महिन्यांत एकदा तरी कात्री लागण्याची शक्यता शंभरात ६३. ह्याला शिस्त म्हणता? ही भिशीची चिठ्ठी झाली. फरक एवढाच की भिशीत ज्याची चिठ्ठी निघते त्याला पैसे मिळतात.

आणि हे मी मालकांच्या बाजूनं झुकून केलेलं गणित आहे. ह्यात प्रत्येक बॉक्स सुटा धरलाय. खऱ्या फौंड्रीत बॉक्स सुटे नसतात. वाळूची एक घाणी ओली निघाली तर पाळीतले पंधरा-वीस बॉक्स एकदम ब्लो होलनं जातात, आणि ती घाणी कुणाच्या वाट्याला आली तो त्या दिवशीचा कामचुकार ठरतो. म्हणजे खरा चढउतार ह्याहून मोठा. ३८ ते ८२ ची पट्टी प्रत्यक्षात अजून रुंद.

मालकांचा एक ठरलेला अनुभव असतो, मला शंभर वेळा ऐकवलाय. “तुमचं पुस्तक राहू द्या. मी शिव्या घातल्या की दुसऱ्या महिन्यात रिजेक्शन खाली येतं, आणि कौतुक केलं की हमखास वर जातं. माझ्या डोळ्यांनी बघितलंय.” बरोबरच बघितलंय हो. ज्या महिन्यात आकडा नशिबानं फार वर गेला त्याच्या पुढच्या महिन्यात तो सरासरीकडं परत येणारच, तुम्ही शिव्या घाला, आरती ओवाळा, नाहीतर काशीला जाऊन या. फार खाली गेलेलाही तसाच वर येणार. तुम्ही शिव्या नेमक्या वाईट महिन्यानंतर घालता आणि हार नेमका चांगल्या महिन्यानंतर घालता, म्हणून शिवी गुणकारी आणि हार बाधक असा तुमचा समज होतो. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले डॅनियल कानेमन ह्यांना इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांनी हेच सांगितलं होतं, की चांगल्या उड्डाणाचं कौतुक केलं की पुढचं उड्डाण बिघडतं. कानेमननी तिथं जे ओळखलं ते आपल्या उद्यमनगरात अजून कुणी ओळखायला तयार नाही.

हे काही नवं शास्त्र नाही. १६ मे १९२४ ला अमेरिकेत वॉल्टर शुहार्ट नावाच्या माणसानं आपल्या साहेबाला एका पानाची चिठ्ठी लिहिली, त्यात एक आलेख काढून दाखवला. त्याचं म्हणणं असं की कारखान्यातला चढउतार दोन जातींचा असतो. एक घरचा, म्हणजे त्या सगळ्या व्यवस्थेतच मुरलेला. दुसरा पाहुणा, बाहेरून आलेला, ज्याला खास कारण असतं. पट्टीच्या आत आहे तोवर घरचा, बाहेर गेला की पाहुणा. पाहुणा आला तर दार उघडून बघायचं कोण आहे. घरच्याचा त्रास असेल तर घरच बदलावं लागतं, आणि घर बदलायचा अधिकार कामगाराकडं नसतो, मालकाकडं असतो. ह्या चिठ्ठीला शंभर वर्षं होऊन गेली.

आपल्या देशात हे आलं नाही असंही नाही. प्रशांतचंद्र महालनोबीसांनी १९३१ ला कोलकात्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट काढली, आणि त्यांच्या बोलावण्यावरून हे शुहार्ट स्वतः १९४७-४८ च्या सुमारास भारतात येऊन गेले. डेमिंग जपानला गेले त्या गाजलेल्या व्याख्यानांसाठी १९५० ला. म्हणजे गुरू आपल्याकडं आधी येऊन गेला, आणि धडा जपान्यांनी गिरवला.

कोल्हापूरकरांना तर ह्यात जास्तच लाज वाटायला पाहिजे. वसंत शंकर हुजुरबाजार हे नाव किती जणांनी ऐकलंय? कोल्हापूरचा माणूस, जन्म १९१९. केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज ह्यांच्या हाताखाली संभाव्यतेवर संशोधन केलं, परत येऊन पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला, १९७४ ला पद्मभूषण मिळालं. आपण फेटा बांधून मिसळीचा, चपलेचा आणि कुस्तीचा अभिमान सांगतो, सांगावाच. पण ज्या विषयात ह्या मातीतला माणूस जगात पोचला, त्या विषयातली बारावीच्या पातळीची गोष्ट आपल्या कारखान्यांत शिरत नाही.

का शिरत नाही, ह्यावर माझं एक मत आहे. आपला उद्योग हातातून आणि डोळ्यातून वाढला. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ह्यांच्या पिढीनं इंजिन खोलून, बघून, हातानं घडवून हे शहर उभं केलं. उसाला पाणी पाहिजे, चरख्याला ताकद पाहिजे, म्हणून ऑइल इंजिन, त्यासाठी कास्टिंग, त्यासाठी फौंड्री. त्या पिढीचा डोळा खरा होता. गुऱ्हाळातला गुळव्या काहिलीत बघून सांगतो ना पाक आला का नाही, तसा. पण गुळव्या एका काहिलीकडं बघतो. तीनशे टन महिन्याची फौंड्री डोळ्यानं दिसत नाही. तिथं डोळा फसतो, कारण डोळ्याला प्रत्येक आकड्यामागं कुणीतरी माणूस दिसतो. ४७ मागं हुशार मामा दिसतो, ७३ मागं आळशी मामा दिसतो. आजोबांच्या डोळ्याचा वारसा सांगत नातवानं तोच डोळा एक्सेल शीटवर लावलाय.

आता कुणी म्हणेल, आमच्याकडं कंट्रोल चार्ट आहेत की, आमच्याकडं आयएटीएफचं सर्टिफिकेट आहे. इथं माझे काळे हात दाखवतो. ग्राहक कंपनीचं ऑडिट असलं की आदल्या रात्री मी स्वतः बसून तीन-तीन महिन्यांचे चार्ट भरलेत. दोन रंगांचे पेन घेऊन, मध्येच एखाद्या ठिकाणी चहाचा डाग पाडून, म्हणजे जुने वाटावेत. सीपीके १.६७ पाहिजे म्हणून १.७१ काढून दिलाय. एकट्या माझीच ही कला नाही, ह्या लाइनीतला कुठलाही माणूस मनातल्या मनात हसत असेल आत्ता. आणि गंमत सांगू? आम्ही भरलेले ते सगळे ठिपके मधल्या रेषेला चिकटून असायचे. भीतीपोटी कुणी रेषेपासून लांब ठिपका टाकतच नसे. खरी प्रक्रिया अशी कधीच वागत नाही, ती खालीवर भटकते. संख्याशास्त्र कळणारा एक जरी ऑडिटर आला असता तर पाच मिनिटांत पकडलं असतं. खोटं बोलायलासुद्धा संभाव्यता यावी लागते!

पण हे खोटं कुठून येतं बघा. दंड आहे म्हणून भीती आहे, भीती आहे म्हणून आकडा लपतो. मोल्डर फुटलेला बॉक्स गुपचूप परत वाळूत मोडतो. फेटलिंगवाला बारीक ब्लो होल लोखंडी लांबी भरून घासून टाकतो. तो पीस मशीनशॉपला जातो, तिथं दोन तास त्याच्यावर टूल चालतं, वीज जळते, आणि बोअर करताना आत पोकळी उघडी पडते. फौंड्रीत भंगारात गेला असता तर धातू परत भट्टीत जाऊन नुकसान थोडक्यात आटपलं असतं. आता मशीनिंगचे पैसे, वाहतूक आणि ग्राहकाची डेबिट नोट. दोन दिवसांचा पगार वाचवून हे कमावलं.

डेबिट नोटेचा प्रवासही बघण्यासारखा असतो. मोठी कंपनी ती फौंड्रीच्या मालकाच्या नावानं फाडते. मालक ती मोल्डिंगच्या कंत्राटदाराकडं ढकलतो. कंत्राटदार सरळ हिशेब करतो, चांगल्या नगालाच पैसे, खराब नगाला शून्य. म्हणजे वाळू कुणी मिसळली, धातू किती तापला, पॅटर्न किती झिजला, लाइट कधी गेली, ह्या सगळ्या फाशांचं दान शेवटी पडतं बिहार-ओडिशातून आलेल्या नाहीतर करवीर-हातकणंगल्यातल्या त्या एका माणसाच्या ताटात, ज्याच्या हातात ह्यातलं एकही बटण नाही. वरून खाली येताना प्रत्येकजण अनिश्चितता झटकून खालच्याच्या अंगावर टाकतो. पाणी उताराकडंच जातं.

कायद्याचंही ऐका. १९३६ चा वेतन प्रदान कायदा असो नाहीतर नवी वेतन संहिता, नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान थेट त्या माणसाच्या हलगर्जीपणामुळं झालंय असं असावं लागतं, आणि त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. ‘थेट’ हा शब्द लक्षात ठेवा. ज्या आकड्याचा चढउतार निव्वळ योगायोगानं तेवढाच येतो, त्यात थेट हलगर्जीपणा कसा सिद्ध करणार? वर केलेलं वर्गमूळाचं गणित उद्या एखाद्या कामगाराच्या वकिलानं मांडलं तर आपल्यापैकी किती जणांकडं उत्तर आहे?

“मग काय कामगाराला काहीच बोलायचं नाही? सगळेच साधुसंत?” हा प्रश्न येणारच. माझं म्हणणं तसं नाही. माणसामाणसांत फरक असतो, काही जण खरंच कच्चे असतात, काही जण खरंच टाळाटाळ करतात. पण तो फरक एका महिन्याच्या आकड्यावरून दिसत नाही, तो दिसायला चार्ट प्रामाणिकपणे सहा-आठ महिने ठेवावा लागतो. दुसऱ्या एका शॉपमध्ये आम्ही ठेवला. दंड बंद करायच्या अटीवर ठेवला, म्हणून आकडे खरे आले. आठ-नऊ मोल्डरांपैकी एकाचं रिजेक्शन सतत पट्टीच्या वर. सगळे म्हणाले, बघा, सापडला ना. मी म्हटलं थांबा, डिफेक्ट कुठला आहे ते बघू. बघितलं तर बहुतेक कोल्ड शट आणि मिसरन. म्हणजे धातू थंड पडल्यामुळं साचा नीट न भरल्याचे दोष. मोल्डरच्या हाताचा ह्याच्याशी काय संबंध? त्याची जागा शेडच्या अगदी टोकाला, भट्टीपासून सगळ्यात लांब. लॅडल सगळ्यांचे बॉक्स ओतत ओतत शेवटी त्याच्याकडं पोचायचा, तोवर धातू गार झालेला. ओतायचा क्रम बदलला, त्याचे बॉक्स आधी घेतले, लॅडलवर झाकण आलं. दोन महिन्यांत तो माणूस बाकीच्यांत मिसळून गेला. त्याआधी चार वर्षं त्याच्या पगारातून कट होत होता. चार वर्षं त्यानं चालत्या लॅडलच्या अंतराचा दंड भरला.

हाच घोळ डिलिव्हरीच्या तारखेत. पॅटर्न, कोअर, मोल्डिंग-ओतकाम, फेटलिंग, मशीनिंग, तपासणी. सहा टप्पे. समजा प्रत्येक टप्पा शंभरातून नव्वद वेळा वेळेवर होतो, आणि हे फार चांगलं शॉप झालं. तर ऑर्डर शेवटपर्यंत वेळेवर जाण्याची शक्यता किती? ०.९ सहा वेळा गुणा. शंभरात ५३! आणि मालक फोनवर काय सांगतो? “साहेब, शनिवारी गाडी भरतो, शब्द आहे माझा.” कोल्हापूरकराचा शब्द मोठा, मान्य. पण अर्धे शनिवार खोटे पडतात, आणि मग रविवारी ओव्हरटाइमला पुन्हा तोच मोल्डर.

मशीन रिकामं दिसलं की मालकाच्या पोटात गोळा येतो, तेही असंच. व्हीएमसीचा हप्ता चालू आहे, ती चोवीस तास फिरलीच पाहिजे. डेन्मार्कच्या एर्लांगनं १९०९ ला टेलिफोन एक्स्चेंजसाठी रांगांचं गणित मांडलं, त्याच्याच पुढच्या धाग्यानं सांगतो. कामं अनियमित येत असतील आणि लागणारा वेळही अनियमित असेल, तर मशीन ८० टक्के गुंतलेलं असताना नव्या कामाला सरासरी चार कामांएवढा वेळ थांबावं लागतं. ९० टक्क्यांना नऊ. ९५ टक्क्यांना एकोणीस. वरच्या पंधरा टक्क्यांच्या लोभापायी रांग जवळजवळ पाचपट होते. मग शॉपमध्ये पाय ठेवायला जागा नसते, सगळीकडं अर्धवट माल, आणि त्यात अडकलेला पैसा. तिकडं मोठ्या कंपनीकडून पेमेंट पंचेचाळीस दिवसांत यावं असा २००६ चा कायदा सांगतो, ते कधी येईल हा पुन्हा वेगळा फासा. तिथं मालकही बिचाराच असतो, हे मी मानतो. त्याच्याही अंगावर वरून कुणीतरी अनिश्चितता झटकलेली असते. म्हणून तर त्याला हे गणित सगळ्यात आधी कळायला पाहिजे होतं.

पंचगंगेचं तरी विसरू नका. २०१९ ला महापूर आला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गाड्यांच्या रांगा. तेव्हा सगळे म्हणाले असा पूर आयुष्यात एकदाच. २०२१ ला परत हायवे बंद. समजा असा पूर वीस वर्षांतून एकदा येतो असं अगदी सावध धरलं, तरी येत्या दहा वर्षांत निदान एकदा तो येण्याची शक्यता शंभरात ४०. जुलै-ऑगस्टसाठी पिग आयर्न, बेंटोनाइट, तयार माल किती आणि कुठं ठेवायचा ह्याचा लेखी हिशेब किती शॉपमध्ये आहे? माझ्या बघण्यात एका ठिकाणी होता. बाकीच्यांकडं अंबाबाईचा फोटो होता. आईवर श्रद्धा माझीही आहे, पण स्टॉक तिनं बघायचा का?

वीजदर वाढले की आपण मोर्चा काढतो, कर्नाटकात जातो म्हणून इशारे देतो. मोर्चात मीही चाललोय, मागणी रास्त आहे. पण शंभर किलो धातू वितळवून त्यातला सहा किलो परत भट्टीत टाकायला जी वीज जाते, ती कुठल्या सरकारच्या नावावर टाकायची? ह्या प्रश्नावर मी आजवर एकही बैठक झालेली बघितली नाही.

उलट आता नवं खूळ. सॉफ्टवेअरवाले येतात, भिंतीवर मोठा टीव्ही लावतात, त्यावर प्रत्येक मशीन लाल नाहीतर हिरवं. काल सहा टक्के, आज सात, की लाल. काल सात, आज साडेपाच, की हिरवा आणि टाळ्या. पट्टी नाही, विचलन नाही, नुसती कालच्याशी तुलना. जुन्या फळ्यावर महिन्यातून एकदा अन्याय व्हायचा, ह्या टीव्हीवर तासाला होतो. सरकारची ‘झेड’ योजना आहे, झिरो डिफेक्ट झिरो इफेक्ट. सर्टिफिकेट घ्या, अनुदान घ्या, माझी ना नाही. पण ‘झिरो डिफेक्ट’ भिंतीवर रंगवून शून्य होत नाही, आणि खाली मोल्डरला ते वाचून काय करायचं हे कुणी सांगत नाही.

कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आहे, स्मॅक आहे, गोशिमा आहे, फौंड्रीवाल्यांच्या इन्स्टिट्यूटचा कोल्हापूर चॅप्टर आहे. दिग्गज माणसं आहेत तिथं. शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे, तिथली पोरं एमएस्सी करून बँकेच्या परीक्षांचे फॉर्म भरत बसतात. शिरोली तिथून किती लांब आहे? दहा फौंड्र्यांनी दहा पोरं सहा महिन्यांसाठी घ्यावीत. एकेकाला एक लाइन द्यावी. फौंड्रीचं नाव झाकून सगळ्यांचे आकडे एकत्र करावेत, ओल्या वाळूनं किती गेलं, थंड धातूनं किती, कोअर फुटून किती. खर्च फार नाही, एका सेमिनारच्या जेवणावळीत निघेल. फक्त एक अट: त्या सहा महिन्यांत आकड्यावरून कुणाचा रुपया कापायचा नाही. ही अट नसेल तर पोरांना पाठवू नका, त्यांनाही माझ्यासारखे चहाचे डाग पाडायला शिकवाल.

ज्यांना एवढंही अवघड वाटतं त्यांच्यासाठी डेमिंगचा एक खेळ आहे, मी तो घरच्या सामानावर करतो. डब्यात ज्वारी, त्यात शंभराला सहा दाणे मसुराचे, नीट हलवलेले. आठ जणांना एकेक वाटी भरायला सांगायची. मसूर म्हणजे रिजेक्शन. ज्याच्या वाटीत मसूर कमी त्याला हार, ज्याच्या वाटीत जास्त त्याला सगळ्यांसमोर झापायचं, आणि पुन्हा भरायला लावायचं. दोन-तीन फेऱ्यांत सगळे हसायला लागतात, कारण मगाशी हार घातलेला आता शिव्या खात असतो. एका मालकांना त्यांच्याच ऑफिसात हा खेळ दाखवला. तेही हसले. मग एकदम गप्प झाले आणि म्हणाले, “डब्यात मसूर कुणी घातला?” मी म्हटलं, “मालक, डबा तुमचाच आहे.”

त्यांनी पुढच्या महिन्यापासून फळा काढला. दंडही काढला. मामांच्या फौंड्रीत मात्र फळा अजून आहे, मागच्याच आठवड्यात बघून आलो. मामा दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. त्या एप्रिलचे दोन दिवसांचे पैसे त्यांना परत मिळालेले नाहीत.